गोल होतो तेव्हा सगळे उभे राहतात : फुटबॉल स्टेडियम आणि अपंग प्रेक्षक

ओलीमाती (धागाकर्ती)

गोल होतो त्या क्षणी अख्खं स्टँड उभं राहतं. व्हीलचेअरवरच्या प्रेक्षकाला नेमक्या त्याच क्षणी पुढच्या रांगेतल्यांच्या पाठी दिसतात. तिकीट काढून, मागच्या गेटने वळसा घालून, लिफ्टसाठी ताटकळून जे बघायला आलो तेवढंच निसटतं. मी व्हीलचेअर वापरते आणि फुटबॉलचं वेड शाळेपासूनचं आहे. हा अनुभव इतक्या ठिकाणी आला आहे की तिकीट काढताना "व्हीलचेअरची सोय आहे का" हे मी आता विचारतच नाही. विचारते ते एवढंच : "समोरचे उभे राहिले तर मला चेंडू दिसेल का?" पलीकडच्या माणसाला बहुतेक वेळा प्रश्नच कळत नाही. "मॅडम, रॅम्प आहे ना," असं उत्तर येतं.

रॅम्प हवाच. पण रॅम्पने मी स्टेडियमच्या आत पोचते, सामन्यापर्यंत पोचतेच असं नाही. घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत ही एक साखळी आहे. तिकीट, पार्किंग, गेट, लिफ्ट, जागा, स्वच्छतागृह, बाहेर पडणं. एक कडी तुटली तरी बाकीच्या सगळ्या वाया जातात.

जागा किती असाव्यात याचे ठोकताळे आहेत. इंग्लंडमध्ये २००३ साली 'ॲक्सेसिबल स्टेडिया' नावाची मार्गदर्शिका निघाली. तिच्यानुसार ४०,००० क्षमतेला व्हीलचेअरच्या २१० जागा आणि त्यापुढच्या प्रत्येक हजाराला आणखी २. लंडनचं वेम्बली स्टेडियम २००७ मध्ये नव्याने उघडलं तेव्हा ९०,००० प्रेक्षकांमागे बरोबर ३१० जागा ठेवल्या होत्या. जुन्या मैदानांवर मात्र घोडं अडलं होतं. प्रीमियर लीगच्या क्लबांनी सप्टेंबर २०१५ मध्ये शब्द दिला की ऑगस्ट २०१७ पर्यंत आम्ही या निकषांवर येऊ. मुदत संपली तेव्हाही काही क्लब मागेच होते. फुटबॉलमधली सगळ्यात श्रीमंत लीग आणि शिफारस बारा-चौदा वर्षं जुनी. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं होतं.

आकडा ही फक्त सुरुवात आहे. ती जागा कुठे आहे, तिथून काय दिसतं, शेजारी कोण बसतं, यावर इथे बोलू या. व्हीलचेअरपुरतंच नको. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, गोंगाट सोसत नाही, चार जिने चढवत नाहीत, त्या सगळ्यांचं लिहा. माहिती असेल तर माहिती, अनुभव असेल तर अनुभव.

मधलीफळी

महत्त्वाचा धागा. मी इमारतींचे आराखडे करतो आणि प्रेक्षागारांवर काम केलं आहे, म्हणून "समोरचे उभे राहिले तर" याबद्दल लिहितो.

साध्या आसनांचा हिशोब असा असतो. तुमच्या डोळ्यांपासून जवळच्या टचलाइनपर्यंत, म्हणजे मैदानाच्या लांब कडेच्या रेषेपर्यंत, एक रेघ ओढायची. ती पुढच्या माणसाच्या डोळ्यांच्या किती वरून जाते ते मोजायचं. १२ सेंटिमीटर असेल तर उत्तम, ९ असेल तर चांगलं, ६ म्हणजे कसंबसं. याला सी-व्हॅल्यू म्हणतात. सगळे उभे राहिले तरी हा हिशोब बिघडत नाही, कारण तुम्हीही उभे राहता. व्हीलचेअरवरच्या माणसाचे डोळे मात्र जमिनीपासून साधारण सव्वा मीटरच्या आतच राहतात आणि पुढच्याचं डोकं पावणेदोन मीटरवर जातं. हा फरक भरून काढायचा तर व्हीलचेअरचा चौथरा पुढच्या रांगेपेक्षा मीटरभर, कधी सव्वा मीटर उंच हवा. नेहमीची पायरी त्याच्या निम्मीही नसते. या उंच चौथऱ्याला आमच्यात सुपर रायझर म्हणतात.

नव्या बांधकामात हे अजिबात अवघड नाही. पहिल्या दिवसापासून आराखड्यात असेल तर खर्चही फारसा जाणवत नाही. जुन्या स्टँडमध्ये करायचं तर दोन-तीन रांगा काढाव्या लागतात, चौथऱ्यामागच्या लोकांची दृष्टिरेषा पुन्हा तपासावी लागते आणि क्षमता घटते. मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर २०१७ मध्ये अशा सुमारे ३०० जागा वाढवायचं ठरलं तेव्हा नेहमीची आसनं कमी करावीच लागली. क्लब टाळाटाळ करतात ती इथे.

अमेरिकेत हा वाद कोर्टात गेला होता. वॉशिंग्टनच्या एमसीआय सेंटरचं बांधकाम चालू असतानाच व्हीलचेअर वापरणाऱ्या माजी सैनिकांच्या संघटनेने दावा लावला. ते मैदान बास्केटबॉल आणि आइस हॉकीचं, पण मुद्दा हाच. १९९७ मध्ये अपील न्यायालयाने उभ्या प्रेक्षकांवरून दिसलं पाहिजे ही अट उचलून धरली. पुढे अपंगांच्या सोयींसाठीच्या २०१० च्या सरकारी मानकांत ती स्पष्ट शब्दांत आली.

आणखी एक गोष्ट नकाशावर कुणाच्या लक्षात येत नाही. कठडा. सुरक्षेसाठी १.१ मीटरचा लोखंडी कठडा लावतात आणि त्याची वरची दांडी बसलेल्या माणसाच्या बरोबर डोळ्यांसमोर येते. चौथरा अगदी योग्य उंचीचा, आणि नव्वद मिनिटं मैदानाचे दोन तुकडे बघायचे. तिथे काच हवी, नाहीतर कठड्याची उंची आणि जागा त्या माणसाला तिथे बसवून ठरवायला हवी.

रेषेबाहेर

कठड्याबद्दल अगदी खरं. माझ्या भावाला मान फारशी वळवता येत नाही, त्यामुळे दांडी चुकवून बघणंही जमत नाही.

मैदानालगत, टचलाइनजवळ व्हीलचेअर ओळीने लावायची जी जुनी पद्धत आहे तिच्याबद्दलही बोला कुणीतरी. लोकांना वाटतं, वा, किती जवळून बघायला मिळतं. तिथून जाहिरातीचे फलक, सराव करणारे राखीव खेळाडू आणि कॅमेरावाल्याची पाठ दिसते. पलीकडच्या बाजूला चेंडू गेला की काहीच कळत नाही. पाऊस आला तर सगळ्यात आधी हेच भिजतात, आणि जोरात आलेला चेंडू अंगावर येताना यांना बाजूला होता येत नाही.

नवाभिडू

धागा वाचतोय, बरंच नवं कळतंय. एक प्रामाणिक प्रश्न विचारतो, राग मानू नका. टीव्हीवर बघताना व्हीलचेअरच्या जागा बऱ्याचदा अर्ध्या रिकाम्या दिसतात. बाहेर तिकिटासाठी लोक तळमळत असताना इतक्या जागा राखून ठेवणं व्यवहारात बसतं का?

ओलीमाती

नवाभिडू, राग कसला, हा प्रश्न सगळ्यांच्याच मनात असतो. तुम्ही विचारलात ते बरं झालं.

रिकाम्या जागेमागे बहुतेकदा तिकीटविक्रीची पद्धत असते. इतरांचं तिकीट फोनवर दोन मिनिटांत निघतं. माझ्यासाठी वेगळा फोन नंबर, तो फक्त कार्यालयीन वेळेत चालू. मग अर्ज, मग डॉक्टरचा कागद, मग "कळवतो". कळवतात तेव्हा सामना दोन दिवसांवर आलेला असतो. मला वाहन ठरवायचं असतं, सोबत कोण येणार ते बघायचं असतं. दोन दिवसांत ते होत नाही. जागा रिकामी राहते आणि पुढच्या वर्षी तीच रिकामी जागा पुरावा म्हणून दाखवली जाते.

अमेरिकेच्या २०१० च्या नियमांत याचं उत्तर नीट दिलं आहे. व्हीलचेअरच्या जागांची तिकिटं इतरांसोबत, त्याच वेळी, त्याच मार्गांनी विकायची. जास्त किंमत लावायची नाही. शेजारची आणखी ३ तिकिटं घेता आली पाहिजेत. साध्या सामन्याच्या तिकिटासाठी अपंगत्वाचा दाखला मागायचा नाही. त्या ३ तिकिटांचं मोल मला फार वाटतं. बहुतेक ठिकाणी एक सोबती मिळतो, म्हणजे बहीण शेजारी आणि तिची दोन मुलं पलीकडच्या स्टँडमध्ये. मग ती आमची एकत्र सहल राहत नाही, बहीण माझ्या ड्यूटीवर आल्यासारखी होते.

सोबत्याच्या पैशांचं धोरण ठिकठिकाणी वेगळं आहे. कतारच्या २०२२ च्या विश्वचषकात अपंग प्रेक्षकाच्या तिकिटावर सोबत्याचं तिकीट मोफत होतं. मला हेच योग्य वाटतं. ज्याला मदतनिसाशिवाय येताच येत नाही त्याला प्रत्येक सामना दुप्पट दराने पडतो.

आणि पाहुण्या संघाचे चाहते! व्हीलचेअरच्या सगळ्या जागा यजमानांच्या स्टँडमध्ये असतील तर माझ्या संघाने गोल केल्यावर मला हात मांडीवर ठेवून गप्प बसावं लागतं. आजूबाजूला सगळे विरोधी चाहते. एकदा एका मैदानावर मला सुरक्षारक्षकाने आधीच सांगून ठेवलं होतं, "तुमचा स्कार्फ आत ठेवा." आपल्या माणसांत बसणं ही चैन नाही हो, त्यासाठीच तर स्टेडियममध्ये जायचं.

कानोसा

मला जन्मापासून दिसत नाही. "मग स्टेडियममध्ये कशाला, घरी रेडिओ ऐक," हे ऐकत मोठा झालो. ज्याने हजारो लोकांचा श्वास एकदम अडकलेला ऐकला आहे तो असं म्हणणार नाही.

फक्त आवाजावर सामना कळत नाही, हे खरं. त्यासाठी ध्वनिवर्णन असतं. साध्या समालोचनापेक्षा हे वेगळं काम आहे. टीव्हीचा समालोचक चित्र दिसतंय असं धरून चालतो, म्हणून मधेच जुन्या सामन्यांच्या गोष्टी सांगतो. रेडिओवाला जास्त वर्णन करतो, पण तोही चेंडू सोडून गप्पांत शिरतो. ध्वनिवर्णन करणाऱ्याने चेंडू सोडायचा नसतो. कुणाकडे आहे, मैदानाच्या कुठल्या भागात, कुठल्या बाजूला सरकतोय, खेळाडूंची तोंडं कशी झालीत, पंचाने हात कुठे केला, प्रेक्षक अचानक का हसले. शेवटचं फार महत्त्वाचं. सगळे हसतात आणि आपल्याला कळत नाही, तेव्हा गर्दीतही एकटं वाटतं.

जर्मनीत लेव्हरकुसेन क्लबने १९९९ मध्ये ही सेवा सुरू केली. कतारला २०२२ मध्ये ती इंग्रजीबरोबर अरबीतही होती. तिथल्या अंध मुलांनी स्वतःच्या भाषेत विश्वचषक ऐकला, याचा मला इतका आनंद झाला होता की त्या दिवशी ओळखीच्या सगळ्यांना फोन केले.

तंत्राची एक मेख सांगतो. हल्ली सगळे म्हणतात, ॲप काढू. इंटरनेटवरून आवाज काही सेकंद उशिरा पोचतो. तेवढ्यात स्टेडियम ओरडून मोकळं होतं आणि माझ्या कानात अजून कॉर्नर घेतला जात असतो. गोल मला शेजाऱ्याच्या उडीवरून कळतो, वर्णन नंतर येतं. म्हणून मैदानातल्या मैदानात रेडिओ लहरींवर चालणारा छोटा प्रक्षेपक आणि हातातला रिसीव्हर हेच अजून उत्तम. एक कान मोकळा ठेवता येईल असा हेडफोन द्या. आणि सेवा कुठल्याही आसनावर चालू द्या, अंधांसाठी वेगळा कोपरा नको. मला माझ्या मित्रांत बसायचं असतं.

आडवाटेने

कानोसा, "प्रेक्षक अचानक का हसले" हे वाचून थांबले. हे कधी सुचलंच नसतं.

शांतकोपरा

माझा मुलगा स्वमग्न आहे. फुटबॉलचे नियम, संघ, जर्सी नंबर सगळं तोंडपाठ. पण हजारोंचा एकदम उठणारा आवाज त्याला अक्षरशः दुखतो. कितीतरी वर्षं आम्ही टीव्हीचा आवाज बंद ठेवूनच सामने बघितले.

इंग्लंडमध्ये सन्डरलँडच्या स्टेडियम ऑफ लाइटमध्ये २०१५ मध्ये अशा मुलांसाठी खोली झाली. काचेतून मैदान दिसतं, आवाज मर्यादित, प्रकाश मंद, हात गुंतवायला वस्तू. नंतर इतर क्लबांनीही केल्या. कतारच्या विश्वचषकातही काही स्टेडियममध्ये अशा खोल्या होत्या.

खोली बांधायला पैसा लागतो हे मान्य. पण आमच्यासारख्यांना उपयोगी पडणाऱ्या कितीतरी गोष्टींना जवळपास काहीच लागत नाही. गेटपासून जागेपर्यंतचा रस्ता फोटोंतून दाखवणारी चार पानं आधी संकेतस्थळावर टाका, म्हणजे मुलाला घरी दाखवून तयारी करता येते. गर्दीच्या तासभर आधी आत सोडा. आतषबाजी किंवा मोठा भोंगा असेल तर कधी, ते सांगून ठेवा. आणि "एकदा बाहेर पडलात की परत आत नाही" हा नियम आमच्यासाठी शिथिल करा. मुलाला दहा मिनिटं मोकळ्या हवेत नेलं की तो पुन्हा बसू शकतो. तो नियम आडवा आला की आमचा सामना विसाव्या मिनिटाला संपतो.

मुलगा ओरडला तर मागे वळून बघू नका, एवढं प्रेक्षकांनाही सांगणं आहे.

रेषेबाहेर

रंगांधळेपणाही यात घ्या. सुमारे १२ पुरुषांमागे एकाला असतो. २०१८ च्या विश्वचषकाचा पहिलाच सामना, रशिया लाल आणि सौदी अरेबिया हिरव्या जर्सीत. लाल-हिरवा फरक न कळणाऱ्यांना बावीस जण एकाच संघाचे. इथे विटाही लागत नाहीत, जर्सी ठरवणाऱ्याने आधी विचार केला की झालं.

आडवाटेने

मला आतड्यांचा जुनाट आजार आहे. बघणाऱ्याला मी धडधाकट दिसते, म्हणून प्रत्येक गेटवर समजावून सांगावं लागतं. बॅगेत औषधं, पिशव्या, बदलायचे कपडे असतात. ते सगळं रांगेतल्या लोकांसमोर टेबलावर ओतायला लावलं की पुढचे दोन तास डोकं त्यातच राहतं. झडती हवीच, पण आडोशाला घ्या.

सूर्यफुलाची चिन्हं असलेली हिरवी फीत २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली, न दिसणारं अपंगत्व सांगण्यासाठी. आता ती काही स्टेडियममध्येही ओळखतात. गळ्यात ती असली की खुलासे द्यावे लागत नाहीत. पण फीत म्हणजे काय हे गेटवरच्या माणसाला माहीत असेल तरच उपयोग.

मला रॅम्प लागत नाही. मला रांगेच्या कडेची, स्वच्छतागृहाजवळची, थोड्या पायऱ्यांची जागा लागते. अशी आसनं कुठली, हे तिकीट काढतानाच दिसायला हवं.

आता स्वच्छतागृहांचं. व्हीलचेअरच्या दर १५ जागांमागे एक सोयीचं स्वच्छतागृह असावं अशी इंग्लंडमधली शिफारस आहे. मध्यंतर १५ मिनिटांचं असतं, त्यात एकामागे तीस जण असतील तर काय होईल? त्यातही कुठे साफसफाईच्या बादल्या ठेवलेल्या, कुठे कुलूप आणि किल्लीवाला माणूस सापडत नाही. ज्या मोठ्या माणसांना झोपवूनच कपडे बदलावे लागतात त्यांना नेहमीचं अपंग स्वच्छतागृह पुरत नाही. त्यांच्यासाठी ब्रिटनमध्ये २००६ पासून चेंजिंग प्लेसेस नावाची मोहीम आहे. १२ चौरस मीटरची खोली, माणसाला उचलायचं यंत्र म्हणजे हॉइस्ट, मोठ्या माणसाला पुरेल असा बाक. ती नसेल तर घरचे त्या माणसाला स्वच्छतागृहाच्या फरशीवर झोपवतात. ज्यांनी ते केलंय त्यांना विचारा. बरेच जण त्यानंतर सामन्याला जाणंच सोडतात.

मधलीफळी

आडवाटेने, हे मी माझ्या ऑफिसमध्ये वाचून दाखवणार आहे.

पिवळं_जाकीट

मी स्टेडियममध्ये स्टीवर्डचं, म्हणजे प्रेक्षकांची व्यवस्था बघायचं काम करतो. आत कसं यायचं यावर सगळे बोलले, बाहेर कसं पडायचं यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

आगीत साधी लिफ्ट बंद करतात. म्हणजे वरच्या मजल्यावर लिफ्टने गेलेला व्हीलचेअरवाला तिथेच. त्याच्यासाठी जिन्याजवळ आगीपासून सुरक्षित अशी थांबायची जागा हवी, तिथून नियंत्रण कक्षाशी बोलता यायला हवं आणि इव्हॅक चेअर हवी, म्हणजे जिन्यावरून घसरत उतरणारी घडीची खुर्ची. खुर्ची भिंतीवर टांगलेली बऱ्याच ठिकाणी दिसते. ती उघडायचा सराव किती जणांनी केलाय ते विचारा. खराखुरा माणूस बसवून जिना उतरवणं आणि रिकामी खुर्ची उतरवणं यात फार फरक आहे. आमच्याकडे सराव होतो तेव्हा मी स्वतः बसून बघितलं आहे. पहिल्या वेळी जीव मुठीत येतो.

सामना संपल्यावरचंही लक्षात घ्या. हजारो लोक एकदम निघतात आणि व्हीलचेअरच्या मागच्या वाटेवर उभे राहून गप्पा मारतात. आम्ही तिथे दोन माणसं ठेवतो, वाट मोकळी राहावी म्हणून. आणि नवीन पोरांना पहिल्या दिवशी सांगतो : व्हीलचेअरला न विचारता हात लावायचा नाही, आणि प्रश्न असेल तर बसलेल्याला विचारायचा, मागे उभ्या असलेल्याला नाही.

हाताचीभाषा

पिवळं_जाकीट, घोषणा फक्त भोंग्यावरून होतात तेव्हा माझ्यासारख्या कर्णबधिरांचं काय? मोठ्या पडद्यावर अक्षरं आणि लुकलुकणारे दिवे हवेत. सगळे धावायला लागले की मला कळणार, तोवर कारण माहीत नसतं.

चांगलंही सांगते. एप्रिल २०२४ मध्ये इंग्लंडच्या न्यूकासल क्लबने टॉटनहॅमविरुद्धच्या सामन्यात काही कर्णबधिर चाहत्यांना प्रेक्षकांच्या आवाजाबरोबर थरथरणारे शर्ट दिले होते. तो व्हिडिओ मी परत परत बघितला. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला हवंय.

पिवळं_जाकीट

बरोबर आहे तुमचं. आमच्या पडद्यावर आणीबाणीचा मजकूर येतो, पण स्वच्छतागृहांत दिवे नाहीत. उद्याच्या बैठकीत मांडतो.

नवाभिडू

माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, आणि बरंच काही. आता खरं कारण सांगतो. मी एका छोट्या क्लबच्या समितीवर आहे. पाचेक हजार क्षमतेचं मैदान, एका स्टँडची डागडुजी व्हायची आहे. युरोपातल्या मोठ्या क्लबांसारखा पैसा नाही. पहिल्यांदा कशाला हात घालू?

मधलीफळी

५,००० क्षमतेला इंग्लंडची मार्गदर्शिका १०० मागे १ म्हणजे ५० जागा सांगते, अमेरिकेच्या मानकांनी ३६ येतात. सगळ्या एका कोपऱ्यात कोंबू नका, दोन-तीन ठिकाणी विभागा. एका जागेला ९० सेंटिमीटर रुंदी आणि १.४ मीटर खोली धरा, शेजारी सोबत्याचं आसन, मागून जायला वाट वेगळी. रॅम्पचा उतार १२ ला १ पेक्षा तीव्र नको, जागा असेल तर २० ला १ करा. हाताने चाक ढकलणाऱ्याला तो फरक खांद्यात कळतो. स्टँड उघडणारच आहात तर चौथऱ्याची उंची आत्ताच साधून घ्या, नंतर ते काम कुणी करत नाही.

ओलीमाती

मी यात एकच घालते. कंत्राटदाराला बोलावण्याआधी आमच्यापैकी कुणाला तरी बोलवा. एक व्हीलचेअरवाला, एक न दिसणारा, एक शांतकोपरासारखी आई. पार्किंगपासून आसनापर्यंत आणि परत, सामन्याच्या दिवशी, गर्दीत. त्यांच्याबरोबर चाला आणि कुठे कुठे थांबावं लागलं ते लिहून काढा. यूएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, २०१५ च्या परवाना नियमांत क्लबांना अपंग प्रेक्षकांच्या सोयींसाठी एक जबाबदार अधिकारी नेमायला सांगितलं. तुमच्याकडे पगारी माणूस परवडत नसेल तर समितीतल्या एकाचं नाव आणि फोन नंबर तिकिटावर छापा. तक्रार कुणाकडे करायची हे कळलं तरी पुष्कळ आहे.

नवाभिडू

दोन्ही लिहून घेतलं. पुढच्या घरच्या सामन्याला चालून बघतो. कानोसा, प्रक्षेपकाची माहिती व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? आमच्याकडे एक पोरगा गल्लीतल्या सामन्यांचं समालोचन फार छान करतो, त्याला ध्वनिवर्णन शिकता येईल असं वाटतंय.

कानोसा

व्यनि केला आहे. त्या मुलाला आधी डोळ्यांवर पट्टी बांधून एक अख्खा सामना दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला लावा. काय सांगायचं राहतं ते त्यालाच कळेल. मग त्याचं पहिलं रेकॉर्डिंग मला पाठवा, ऐकून कळवतो.